दुपारी कुलूप लागणारं उद्यान

चार वर्षांपासून मी या उद्यानात रोज जाते. पहाटे सव्वापाचला एकटी आणि संध्याकाळी नातीला घेऊन. तरीही उद्यानाचं नाव इथे लिहीत नाही, त्याचं कारण आधी सांगते. मागच्या वर्षी कोणीतरी तुटलेल्या झोपाळ्याचा फोटो नावासकट टाकला होता. झोपाळा त्यानं दुरुस्त झाला नाही, बोलणी मात्र माळीदादांना खावी लागली. झोपाळ्याची साखळी विकत आणणं काही माळ्याच्या हातात नसतं. म्हणून एवढंच सांगते की नागपुरात मानेवाड्याकडून बेसा रोडला येताना आतल्या बाजूला जी ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्या, आहेत, त्यांपैकी एकातली ही जागा. साधारण पाऊण एकर. इथले लोक वाचता वाचता ओळखतील.

काटोलकडच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मी ३१ वर्षं शिकवलं. निवृत्त झाले आणि मुलाकडे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. गावच्या घरी अंगणात कडुनिंब होता, उन्हाळ्यात त्याच्याखाली खाट टाकायची आम्हाला सवय. इथे पहिल्याच मे महिन्यात स्लॅब असा तापला की रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती. कूलर होता, पण लाइट गेली की तोही बंद. त्याच महिन्यात हे उद्यान सापडलं. खरं सांगते, त्या उन्हाळ्यात मी गावाला परत जायचं मनात पक्कं केलं होतं, ते या झाडांमुळे राहिलं.

झाडं ही या जागेची सगळ्यात मोठी जमा. ज्यानं कोणी ती लावली त्याला इथला उन्हाळा समजत होता. ७ कडुनिंब, ५ करंज, २ बहावे, एक उंबर आणि मागच्या कोपऱ्यात एक बकुळ. शोभेची झुडपं फक्त गेटपाशी. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा गावात उद्यानाकडून पहिली अपेक्षा सावलीची असते, बाकी सगळं नंतर. मार्चमध्ये कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते, त्याच्यामागून करंज हिरवागार होतो. म्हणजे ऊन चढत जातं तशी इथली सावलीही दाट होत जाते. अलीकडे नव्या उद्यानांत ताडासारखी उंच, सरळसोट झाडं ओळीनं लावलेली दिसतात. फोटोत ती छान दिसत असतील, पण मे महिन्यात त्यांच्याखाली माणूस बसू शकत नाही. तेवढ्याच खड्ड्यात, तेवढ्याच खर्चात करंज लागला असता.

उंबराला फळं धरली की राखी धनेशाची जोडी येते. त्यांचं ते चिरकं ओरडणं ऐकलं की नात हातातला खाऊ टाकून उंबराखाली पळते. तांबट दिवसभर कुठूनतरी टुकटुक करत असतो. या पोरीला पक्षी पुस्तकातून शिकवायची गरज पडली नाही, याचं मला शिक्षिका म्हणून फार समाधान आहे.

आता कुलपाबद्दल. पहाटे ५ ते सकाळी १० आणि संध्याकाळी ४ ते ९ अशी उद्यानाची वेळ. म्हणजे ज्या सहा तासांत माणसाला सावली हवी, तेवढेच सहा तास गेटला कुलूप.

मे महिन्यात दुपारी एक वाजता आमच्या उद्यानाच्या भिंतीबाहेर येऊन पाहा. मी मुद्दाम गेले होते, डोक्याला ओला पंचा बांधून. तीन घरची धुणीभांडी आटोपून चौथ्या घरी जायच्या आधी डबा खाणाऱ्या दोघी होत्या. पाठीवर चौकोनी पिशवी असलेला एक डिलिव्हरीचा पोरगा होता, त्याची गाडी उन्हात आणि तो सावलीत. समोरच्या साइटवरचा गवंडी, त्याची बायको आणि कडेवरचं लेकरू. भिंतीची सावली त्या वेळी कशीबशी दीड हात पडते, तेवढ्यात सगळे भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसलेले. आणि भिंतीच्या पलीकडे पाऊण एकर थंडगार जागा, आत एक खार सोडली तर कोणी नाही.

चौकीदार काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "बाई, मले उघडं ठेवाले काय त्रास आहे? पण दुपारी पोट्टेपोट्टी येऊन बसतात म्हणून तक्रारी झाल्या. तवापासून कुलूप हाये."

तक्रारी कोणाच्या हे मला माहीत होतं. त्यातल्या दोघी आमच्याच भजनी मंडळातल्या. मी त्यांच्याशी भांडले नाही, पण स्पष्ट बोलले. दोन तरुण मुलं बाकावर शेजारी बसून बोलली तर कोणाचं काय बिघडतं, ते मला अजून कळलेलं नाही. आणि कोणाला काळजी वाटतच असेल तर आत एक जबाबदार माणूस फिरता ठेवावा. त्यासाठी साऱ्या वस्तीची सावली बंद करणं मला पटत नाही.

अहमदाबादमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात फार माणसं दगावली, त्यातून २०१३ मध्ये देशातला पहिला उष्माघात कृती आराखडा तयार झाला. नागपुरातही २०१६ पासून असा आराखडा आहे. उन्हात काम करणाऱ्या माणसाला दुपारी सावली आणि प्यायचं पाणी मिळालं पाहिजे, हा अशा आराखड्यांचा पाया. त्यासाठी नवीन मंडप घालायचीही गरज नाही. गल्लीगल्लीत उद्यानं उभी आहेत, त्यांचं कुलूप काढलं की झालं.

आम्ही काढून पाहिलं. गेल्या एप्रिलच्या शेवटी ६२ सह्यांचा अर्ज घेऊन आम्ही पाचजणी संबंधित कार्यालयात गेलो. दोन चकरा वाया गेल्या. तिसऱ्या वेळी एक भले अधिकारी भेटले. ते म्हणाले, लेखी काही देत नाही, पण मे महिना तुमच्या जबाबदारीवर दुपारी उघडा. आमच्यापैकी चौघींनी वार वाटून घेतले. एक किल्ली, एक वही, एक पाण्याचा माठ. बारा ते चार ज्या बाईचा वार असेल तिनं आत बसायचं. मी स्वेटर विणायला घेऊन बसत असे. मे महिन्यात स्वेटर, म्हणून पोरं हसायची. पण विणकाम मी याच दिवसांत उरकून घेते, थंडीत बोटं चालत नाहीत.

तीन आठवडे आम्ही हे केलं. पहिल्या दिवशी भिंतीबाहेरची माणसं आत यायलाच तयार नव्हती. गेट सताड उघडं, तरी ती भिंतीलाच टेकून. शेवटी मी बाहेर जाऊन त्या डबा खाणाऱ्या दोघींना हाताला धरून आत आणलं. एक म्हणाली, "आम्ही बसलं तं चालते का जी?" त्या प्रश्नाचं मला आजही वाईट वाटतं. रोज या गेटवरून जाणारी बाई, पण हे उद्यान आपलंही आहे असं तिला कोणी कधी भासवलंच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात रोज वीस-पंचवीस माणसं येऊ लागली. गवंड्याच्या बायकोनं करंजाच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली, लेकरू दोन-दोन तास गाढ झोपायचं. दोन कॉलेजची मुलं अभ्यासाला यायची, घरी एका खोलीत पाच माणसं म्हणून. डिलिव्हरीची पोरं गाडीची गादी गार व्हावी म्हणून गाड्या बकुळीखाली लावायला लागली, तेव्हा मात्र मी रागावले, कारण झाडाच्या बुंध्याला स्टँड लागत होता. त्यांनी लगेच काढल्या. कचरा थोडा झाला, गुटख्याच्या पुड्या दोनदा सापडल्या. भांडण एकही नाही. ज्यांनी तक्रार केली होती त्यांपैकी एक काकू शेवटच्या आठवड्यात स्वतः पन्हं करून घेऊन आल्या.

जून लागला, ते अधिकारी बदलून गेले, आणि किल्ली परत द्यावी लागली. या वर्षी पुन्हा अर्ज दिला आहे. उत्तर यायचं आहे.

हिवाळ्यातही हीच अडचण, फक्त उलटी. डिसेंबरच्या दुपारी म्हाताऱ्या माणसांना ऊन हवं असतं. माझ्या वयाच्या, गुडघे धरलेल्या बायकांना सकाळी सातच्या थंडीत फिरणं जमत नाही, अकराला जमलं असतं.

स्वच्छतागृहालाही कुलूपच. बांधलेलं चांगलं आहे, टाइल्स लावलेल्या, पाण्याची टाकी वर. पण बायकांच्या बाजूची किल्ली काकाजींच्या खिशात असते आणि ते बारा तास एकाच जागी बसून राहू शकत नाहीत. सकाळी फिरायला येणाऱ्या बायका घरून निघताना पाणीच पीत नाहीत, हे मला गप्पांतून कळलं. मधुमेह असलेली एक मैत्रीण तर दोन फेऱ्या झाल्या की घरी पळते. पुरुषांच्या बाजूला दार उघडं आणि बायकांच्या बाजूला कुलूप, याचं कारण विचारलं तर "नळ चोरून नेतात" असं उत्तर मिळालं. नळ दोन्हीकडे सारखेच आहेत.

आता माळीदादांबद्दल. हे उद्यान एका माणसावर चालतं आणि तो माणूस ठेक्यावर आहे. पहाटे साडेपाचला त्यांच्या सायकलची घंटी वाजते. आधी पाणी, मग झाडणं, मग छाटणी. पाणी द्यायची त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. मोठ्या झाडांना ते रोज थोडं थोडं पाणी देत नाहीत. चार-पाच दिवसांनी एकदा आळं भरून देतात, म्हणजे पाणी खोल जातं आणि मुळंही खोल जातात. आळ्यात वाळक्या पानांचा थर घालतात, ओल टिकते. हे त्यांना कोणत्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही, ते मौद्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले.

पण मधल्या हिरवळीपुढे त्यांचंही काही चालत नाही. हिशेब करून पाहा : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. हिरवळ हजार चौरस मीटरची आणि तिला रोज ५ मिलिमीटर जरी द्यायचं म्हटलं तरी ५,००० लिटर, म्हणजे रोज एक छोटा टँकर. बोअरवेल एप्रिलच्या मध्यात गुळण्या टाकायला लागते. मग हिरवळ पिवळी पडते, लोक माळ्याला बोलतात, आणि तो बिचारा झाडांचं पाणी हिरवळीला वळवतो. माझं मत विचाराल तर त्या हिरवळीचा अर्धा भाग काढून तिथे मुरूम टाकावा आणि कडेनं आणखी चार करंज लावावेत. मुलांना खेळायला मुरमाची जागाच बरी, पावसाळ्यात चिखल होत नाही.

मागच्या वर्षी ठेक्याची मुदत संपली आणि नवीन ठेका व्हायला वेळ लागला. माळीदादांचा पगार थांबला. तरी ते एक दिवसाआड येऊन नव्या रोपांना पाणी देत होते. पाइप तीन ठिकाणी फाटलेला, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेला. मी विचारलं, "दादा, नवीन पाइप का देत नाहीत?" ते म्हणाले, "बाई, अर्ज देऊन दोन महिने झाले. आता तुमीच सांगा, तवर झाडं थांबतीन का?" शेवटी आम्ही वर्गणी काढून ५० मीटर पाइप आणला.

पाइपला पैसा नाही, पण त्याच महिन्यात बसवलेल्या नव्या बाकांवर निधी देणाऱ्याच्या नावाच्या पाट्या होत्या. हे असं का होतं, ते मी माझ्या मुलाकडून समजून घेतलं, तो हिशेब खात्यात आहे. खासदारांना मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला ५ कोटी रुपयांचा निधी असतो, पण तो टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी. रोजच्या देखभालीचा खर्च त्यातून करता येत नाही. म्हणजे अशा निधीतून बाक येतो, व्यायामाची यंत्रं येतात, कमान येते. माळ्याचा पगार, पाइप, साखळी, यंत्राचं ग्रीस येत नाही. ते सगळं देखभालीच्या ठेक्यातून यायला हवं, आणि ठेका दरवेळी जमेल तितक्या कमी दरात दिला जातो. आमच्याकडच्या ग्रीन जिमच्या ८ यंत्रांपैकी ३ आता कुरकुरतात, एकाचं पॅडल गळून पडलं आहे. नवीन यंत्रं मागण्याऐवजी वस्तीतल्या लोकांनी दुसऱ्या माळ्याची मागणी करावी, असं मला कळकळीनं वाटतं. मी मीटिंगमध्ये हे बोलले तेव्हा निम्मे लोक म्हणाले, माळ्याचं काय, कमान हवी.

चालायच्या ट्रॅकबद्दल जपून राहा. पूर्ण फेरी गट्टूंची, म्हणजे पेव्हर ब्लॉकची, आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरमाचा चांगला थर दाबून घातला नाही तर वरचे गट्टू दोन वर्षांत लाटांसारखे वरखाली होतात. उंबराजवळच्या वळणावर तसंच झालं आहे. गेल्या श्रावणात मी तिथे ठेचकाळून पडले, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून मी गट्टूंच्या बाजूनं पडलेल्या मातीच्या पाऊलवाटेनंच चालते, आणि बघते तर निम्मे लोक तेच करतात.

शिवाय गट्टू झाडांच्या अगदी बुंध्याला भिडवले आहेत. दोन करंजांचे शेंडे वाळायला लागले होते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते कात्रण मी माळीदादांना दाखवलं. त्यांनी ते खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी पहारीनं दोन्ही करंजांभोवतीचे गट्टू उचकटले. कोणाची परवानगी घेतली नाही. पावसाळ्यानंतर एका करंजाला नवी पालवी आली, दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. शहरात पाणी मुरायला उघडी माती किती उरली आहे, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. निदान उद्यानात तरी ती झाकू नये.

वाळलेला पालापाचोळा पूर्वी मागच्या भिंतीशी जाळत. घनकचऱ्याच्या नियमांनुसार तो जाळता येत नाही. आता दोन खड्डे केले आहेत, अधूनमधून शेणकाला शिंपडतो, पाच-सहा महिन्यांत खत होतं. हे काम उत्तम चाललं आहे, कुंड्यांसाठी खत हवं असेल तर पिशवी घेऊन या, फुकट मिळतं.

लहान मुलांसाठी दोन झोपाळे आहेत, त्यातला एकच चालू. घसरपट्टी पत्र्याची, पश्चिमेला तोंड करून उभी. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी पाचलाही तिचा चटका बसतो. नातीच्या मांडीला एकदा फोड आला होता. तीच घसरपट्टी वीस पावलांवर कडुनिंबाखाली हलवली तर प्रश्न मिटेल, आणि तेवढ्यासाठी दोन वर्षं आम्ही सांगतो आहोत. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांशी मात्र आमचा तह झाला आहे : साडेपाचपर्यंत मैदान त्यांचं, नंतर चिमुकल्यांचं. ती मुलं शब्द पाळतात. बॉल पाळण्यांकडे आला तर स्वतः धावत येऊन "सॉरी आजी" म्हणतात.

पाचपैकी साडेतीन तारे देते. दुपारचं कुलूप कायमचं निघालं आणि बायकांचं स्वच्छतागृह उघडं राहिलं तर त्याच दिवशी साडेचार करीन. लांबून येणार असाल तर पाण्याची बाटली सोबत ठेवा, माठ फक्त आम्ही बसतो तेव्हाच असतो. गाडी समोरच्या गल्लीत लावा, गेटपाशी संध्याकाळी भुट्टेवाला आणि फुटाणेवाला उभे असतात. उंबराच्या वळणावर खाली बघून चाला.

आणि उन्हाळ्यात आलात तर पहाटे सहाच्या आत मागच्या कोपऱ्यात जा. बकुळीची फुलं रात्रभर गळून पडलेली असतात. माळीदादा तो कोपरा सगळ्यात शेवटी झाडतात, आम्हाला वेचायला वेळ मिळावा म्हणून.